दुसऱ्या दिवशी पाय का संपायचे?

६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, ४० तास मिळतात. पहिला दिवस मजेत जायचा, दुसऱ्या सकाळी मात्र पाय दगड. चूक सरावात होती: दर रविवारी एकच लांब राइड, मग आठवडाभर आराम. थकलेल्या पायांनी सायकल मारायची सवयच नव्हती.

मग जोडदिवस सुरू केले. शनिवारी सोलापूरहून पंढरपूर जाऊन-येऊन, साधारण दीडशे. रविवारी तुळजापूर, तेही घाटासकट! वेग मुद्दाम कमी, बोलता येईल इतकाच. तीन आठवडे अंतर वाढवायचं, चौथा हलका. सोलापूरचं ऊन म्हणजे पहाटे चारलाच निघणं आलं. खिशात कडक भाकरी, शेंगाचटणी. नुसत्या गोड एनर्जी जेलने मला मळमळतं. यंदा दुसऱ्या दिवशीही चढावर गप्पा मारत होतो.