ड्रायर गरम होतो, पण कपडे ओलेच? आधी पाइप बघा

मे महिन्यात नागपुरात ड्रायर कोणी लावत नाही. पारा ४५च्या आसपास असताना गच्चीवर टाकलेली जीन्ससुद्धा बघता बघता कडक होते. मशीनची आठवण येते ती जुलैत, झड लागल्यावर. पोरांचे युनिफॉर्म ओले, टॉवेलला कुबट वास, आणि वर्षभर चादरीखाली झाकून ठेवलेला ड्रायर एकदम दिवसातून दोन-तीनदा चालायला लागतो. नेमकं तेव्हाच कळतं की पूर्वी तासाभरात वाळणारे कपडे आता दोन तास फिरूनही दमटच निघताहेत. मग मेकॅनिकला फोन. ऐन पावसाळ्यात तो काही लगेच येत नाही.

बहुतेक वेळा मशीनमध्ये काही बिघडलेलंच नसतं. हवा बाहेर पडायचा रस्ता तुंबलेला असतो, आणि तो घरच्या घरी मोकळा करता येतो.

तुमचा ड्रायर कोणता?

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या दुसऱ्या टबला आपण ड्रायर म्हणतो, तो फक्त कपडे गरागरा फिरवून पाणी काढतो. त्याला हिटर नाही, हवेचा पाइपही नाही. हा लेख आहे तो वेगळ्या, गरम हवेच्या ड्रायरबद्दल, ज्याच्या मागून किंवा बाजूने साधारण ४ इंची जाड पाइप निघून भिंतीतून किंवा खिडकीतून बाहेर जातो. पाइप नसेल आणि पाण्याची टाकी किंवा ड्रेनची नळी असेल, तर तो कंडेन्सर किंवा हीट पंप प्रकार. त्याचं शेवटी सांगतो.

पाइपवाल्या ड्रायरचं काम सोपं आहे. पंखा खोलीतली हवा ओढतो, हिटर ती तापवतो, ती हवा फिरत्या कपड्यांतून जाते आणि ओल घेऊन बाहेर पडते. ५ किलो सुती कपडे १००० आरपीएमवर पिळून काढले तरी त्यांत जवळपास ३ लिटर पाणी उरतं. एवढं सगळं पाणी वाफ होऊन त्या ४ इंची पाइपातूनच जायचं असतं. सोबत कपड्यांची लव उडते. बरीचशी फिल्टरमध्ये अडकते, पण सगळी नाही. उरलेली दमट लव पाइपाच्या घड्यांना चिकटते, तिच्यावर पुढची चिकटते, आणि हळूहळू आतून नमदा तयार होतो.

ही लव म्हणजे निव्वळ कापूस. हिंगणघाट-यवतमाळकडे जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागल्यावर काय होतं हे विदर्भात कोणाला सांगायला नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा जो अंदाज काढला, त्यात ड्रायरमुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि त्यांतलं सगळ्यात मोठं कारण, ३४ टक्के, वेळेवर साफसफाई न करणं हे होतं. तिथे घरोघरी ड्रायर आहे, आपल्याकडे नाही, त्यामुळे आकडा इकडे लावता येत नाही. कारण मात्र तेच.

तुंबलंय हे कसं ओळखायचं

सगळ्यात कामाची खूण आधी. ड्रायर थांबल्यावर लगेच दार उघडा आणि कपड्यांना हात लावा. कपडे चांगले गरम, पण ओले, आणि दारातून वाफेचा भपकारा येतोय? पाइप तुंबलाय. कपडे गार आणि ओले आहेत, पण बाहेर हवा जोरात येतेय? मग हिटर किंवा त्याचा थर्मल फ्यूज गेलाय, तिथे साफसफाईने काही होणार नाही. हा फ्यूज उगाच जात नाही म्हणा. तुंबलेल्या पाइपामुळे मशीन आतून तापतं तेव्हाच तो बहुधा जातो, म्हणून नवा टाकण्याआधी पाइप साफ झालाच पाहिजे. नाहीतर महिनाभरात पुन्हा तोच खर्च.

बाकीच्या खुणा: मशीनच्या वरच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, ड्रायर लावलेल्या खोलीच्या काचा धुरकट होतात, भिंतीला बुरशीचे काळे ठिपके येतात, दाराच्या रबराभोवती लव साचते, मशीन मध्येच थांबून थोड्या वेळाने पुन्हा चालू होतं. जळका वास आला तर मात्र पुढची तपासणी करत बसू नका. मशीन बंद करा, प्लग काढा.

आता खात्री. ड्रायर चालू ठेवून बाहेरच्या तोंडापाशी हात धरा. हात पोचत नसेल तर खालून त्या तोंडावरच्या, हवेने उघडणाऱ्या झडपेकडे बघा. चांगल्या पाइपातून हवा जोरात येते, झडप पूर्ण उघडी राहते. नुसती फडफडत असेल किंवा मिटलेलीच असेल, तर रस्ता अडलाय. कुठे अडलाय हे बघायचं तर मशीन बंद करून मागचा पाइप काढा आणि गार हवेच्या सेटिंगवर दोन मिनिटं चालवा. मशीनच्या तोंडाला हवा जोरात, पण पाइप लावल्यावर बाहेर मंद, तर दोष पाइपात. मशीनच्याच तोंडाला मंद, तर फिल्टर, त्याची खाच किंवा मशीनचं पोट.

हे करताना एक शंका आधीच निकाली काढा: कपडे जास्त कोंबले नाहीत ना? सोलापुरी चादर आणि चार टॉवेल एकदम टाकले तर नवाकोरा ड्रायरही हात टेकेल.

पाइप साफ करणे

लागणारं सामान थोडंच: स्क्रूड्रायव्हर, व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याचं चपटं तोंड, लांब लवचीक दांड्याचा गोल ब्रश, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, तोंडाला मास्क. ब्रश ऑनलाइन मिळतो. पाइप आणि क्लॅम्प इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा किचन चिमणी बसवणाऱ्यांकडे विचारा, पण व्यास मोजून जा, कारण चिमणीचा पाइप बहुधा ६ इंची असतो.

१. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. चालून झालं असेल तर तासभर गार होऊ द्या.

२. मशीन पुढे ओढा. एकट्याने नको. वॉशिंग मशीनवर स्टँड लावून ड्रायर बसवलेला असेल तर दोन माणसं लागतातच, आणि तो खाली उतरवणं जमत नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोडा.

३. क्लॅम्पचा स्क्रू सैल करून पाइप दोन्हीकडून काढा. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर करड्या लवीचे पुंजके घरभर उडतील.

४. पाइप कुठल्या जातीचा ते बघा. पांढरा प्लास्टिकचा असेल तर साफ करू नका, फेकून द्या. तो आतल्या तारेमुळे खाली झोळ खातो, त्या झोळात पाणी आणि लव साचते, आणि आग लागली तर तोच आधी पेट घेतो. पातळ चंदेरी फॉइलचाही मला भरवसा नाही. ब्रश घातला की फाटतो. जाड ॲल्युमिनियमचा अर्ध-ताठ किंवा सरळ पत्र्याचा पाइप घ्या, एकदाच खर्च होतो.

५. पत्र्याचा पाइप असेल तर ब्रश आत घालून एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवत पुढे न्या. उलटा फिरवला की दांड्यांचे जोड आतच सुटतात आणि ब्रश पाइपात राहतो. मग व्हॅक्यूम लावा. भिंतीतला तुकडाही असाच, दोन्ही बाजूंनी.

६. मशीनचं तोंड, फिल्टरची खाच आणि मशीनमागची फरशी व्हॅक्यूमने साफ करा. खाचेत हात जाईल तिथपर्यंतच. मशीनचा मागचा पत्रा उघडणं हे मेकॅनिकचं काम.

७. फिल्टर पाण्याखाली धरा. पाणी जाळीतून सरळ खाली गेलं तर ठीक. वर साचून राहिलं, तर फॅब्रिक सॉफ्टनरचा न दिसणारा थर बसलाय. साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने हलकं घासा, पूर्ण वाळवूनच परत बसवा.

बाहेरचं तोंड: खरा घोळ इथे

आपल्याकडे पाइप तुंबण्यात लवीइतकाच हात आपल्या हौसेचा असतो. डेंग्यूच्या भीतीने प्रत्येक भोकाला बारीक मच्छरजाळी ठोकायची सवय लागली आहे, आणि तशीच ती ड्रायरच्या तोंडालाही ठोकली जाते. त्या जाळीवर काही धुण्यांतच लवीचा गालिचा बसतो आणि हवा बंद. ही जाळी आजच काढा. तिच्या जागी हवेने उघडणारी आणि मशीन थांबल्यावर आपोआप मिटणारी झडप लावा. डास, पाल, पारवे तिघांनाही ती पुरते.

झडप तुटकी असेल तर पारवे घर करणारच. मनीषनगर, बेसा, वर्धा रोडकडच्या उंच इमारतींत तर त्यांना मोकळं रानच. उन्हाळाभर ड्रायर बंद, पाइप सावलीत, बाळंतपणाला याहून चांगली जागा कोणती? आत अंडी दिसली तर हात लावू नका. अंडी उबवायला १७-१८ दिवस लागतात आणि पिल्लं महिनाभरात उडतात. तोवर ड्रायर बंद. रिकामं घरटं काढताना मास्क आणि हातमोजे घाला, विष्ठेवर आधी पाणी शिंपडा. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट असते.

काहींचा पाइप बाहेर जातच नाही. तो काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत सोडलेला असतो, नाहीतर बाथरूमच्या डक्टमध्ये, आणि काही महाभागांनी तो किचन चिमणीच्या पाइपाला जोडलेला असतो. बंद बाल्कनीत ती ३ लिटर वाफ भिंतींवर बसते आणि तीच दमट हवा ड्रायर पुन्हा ओढतो. डक्टमध्ये लव वर्षानुवर्षं साचते, तिथे कोणी झाडू मारत नाही. चिमणीच्या पाइपात तेलाचा चिकटा असतो, त्यावर कापूस नेऊन बसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

परत जोडताना

पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त, तितका लवकर तुंबतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत पाइप जास्तीत जास्त ३५ फूट चालतो आणि काटकोनी प्रत्येक वळणामागे त्यातले ५ फूट वजा धरतात. आपल्या मशीनसोबतच्या पुस्तिकेत याहून कमी लांबी दिली असेल तर तीच पाळा. जोडाला स्क्रू मारू नका, त्याचं टोक आत निघतं आणि लव तिथेच अडकते. क्लॅम्प आणि ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. साधी सेलोटेप उष्णतेने सुटते.

मशीन मागे ढकलताना पाइप चेपत नाही ना, ते बाजूने वाकून टॉर्चने बघा. सगळी मेहनत इथे वाया जाते. ड्रायर साधारण २००० वॅटचा असतो, तो १६ अँपियरच्या स्वतंत्र सॉकेटवरच हवा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. मग ओले टॉवेल टाकून चालवा आणि बाहेरची झडप बघा. तासात वाळले तर विजेचे दोनेक युनिट लागतात. दोन तास फिरायला लागला तर बिल जवळपास दुप्पट.

फिल्टर दर धुण्यानंतर, न चुकता. पाइप वर्षातून एकदा, आणि नागपुरात त्याची योग्य वेळ मेअखेर: उन्हाळ्याची धूळ बसलेली असते आणि पाऊस जूनच्या मध्यावर येतो. घरात तान्हं बाळ असेल, दुपटी-लंगोट रोज ड्रायरमध्ये जात असतील, तर पोळ्याच्या सुमारास पुन्हा एकदा बघा. मालिशच्या तेलाचे टॉवेल आणि स्वयंपाकघरातली तेलकट फडकी मात्र ड्रायरमध्ये घालूच नका. धुऊनही त्यांत तेल उरतं आणि गरम ढिगात ते आपोआप पेटू शकतं. पेट्रोल, थिनर लागलेले कपडेही नकोत. ड्रायर लावून झोपू नका, बाहेरही जाऊ नका.

आतून धूर दिसला तर दार उघडायचं नाही, हवा मिळाली की आग भडकते. मेन स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा, १०१ लावा.

पाइप नसलेले ड्रायर

कंडेन्सर प्रकारात लव कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ गार करून तिचं पाणी करणाऱ्या भागाच्या, पात्यांत अडकते. खालची झडप उघडून तो बाहेर निघत असेल तर महिन्यातून एकदा नळाखाली धरा. हीट पंपमध्ये तो बहुधा बाहेर निघत नाही. तिथे मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम हलक्या हाताने फिरवा, पाती वाकतात. वॉशर-ड्रायर एकत्र असेल तर बरीच लव पाण्यासोबत ड्रेनकडे जाते, म्हणून खालचा पंप फिल्टर उघडून बघा. उघडण्याआधी खाली परात ठेवा, आत पाणी असतं.