जुना पीसी रडतोय? आधी चॅटिंग अ‍ॅप्स तपासा

म्हापसा-फोंड्याकडे झेरॉक्सच्या दुकानांतून ४ जीबी रॅमचे पीसी अजून राबताना दिसतात. असा पीसी अडकायला लागला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीच्या रकान्यावर क्लिक करा. सर्वांत खादाड अ‍ॅप वर येईल. त्याच्या नावापुढचा बाण उघडलात तर एकाच अ‍ॅपखाली पाच-सहा प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारे त्याचे वेगवेगळे भाग, सापडतील. स्लॅक, डिस्कॉर्ड ही चॅटिंगवाली मंडळी इलेक्ट्रॉन नावाच्या अ‍ॅप बनवायच्या सांगाड्यावर बांधलेली, म्हणजे प्रत्येक जण स्वतःचा अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत आणतो. पडद्यावरचं दाखवणारी प्रोसेस वेगळी, मुख्य प्रोसेस वेगळी, आणि दोघींची सतत निरोपानिरोपी. निरोप तसे हलके असतात हो, रॅम खातो तो प्रत्येकीचा स्वतंत्र संसार!

म्हणून अशी अ‍ॅप्स काढा आणि तीच सेवा ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडा. ग्राफिक्स, नेटवर्क वगैरे प्रोसेस मग सगळ्या टॅबना मिळून एकच पुरते. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की कुठला टॅब किती खातो तेही दिसतं.

पावसात वीज जाऊन आली, पीसी सुरू केला, की ही अ‍ॅप्स न बोलावता हजर होतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ती डिसेबल करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.