सोसायटीच्या ग्रुपवर कोणी दुखावलं? या चुका टाळा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं सहसा शिवीने सुरू होत नाहीत. "काही लोकांना पार्किंगची रेघ दिसत नाही" एवढं वाक्य पुरतं. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, त्यामुळे गाडी वाकडी लावणारा मजेत राहतो आणि भलतेच चौघे ते अंगाला लावून घेतात. हा टोमणा टाळा. त्या फ्लॅटला वैयक्तिक मेसेज करा: कुठली गाडी, किती वाजता, काय अडचण झाली. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकणं हाही तोच प्रकार. पैसे येवोत न येवोत, अबोला नक्की येतो.

दुसरी चूक क्रियापदात असते. "पावती पाठवा" तोंडी ठीक वाटतं, कारण आवाजात मार्दव असतं. स्क्रीनवर तो हुकूम होतो. "पावती पाठवाल का?" लिहा. त्यात घाईत "पाठवा"चा काना राहिला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अरे-तुरे केल्यासारखं होतं. पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज एडिट करता येतो, तेवढ्यात दुरुस्त करा.

राग आला असेल तर उत्तर ग्रुपच्या चौकटीत टाइप करू नका. बोट चुकून पडतं. नोट्समध्ये लिहा, आणि आधी फोन करा: "तुमच्या मेसेजचा अर्थ मी असा घेतला, तसंच म्हणायचं होतं का?" निम्मे वाद इथेच मिटतात.

मेसेज गुपचूप डिलीट केला की काम झालं, असं समजू नका. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवस मिळतात, पण डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. खाली एक ओळ लिहा: का काढला.

सगळ्यात जास्त बिघडते ती माफी. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व" यातला "असतील तर" सगळा दोष दुखावलेल्याच्या माथी मारतो. आधी त्या व्यक्तीला फोन करा, मग जिथे बोललात तिथेच लिहा: "काल मी ब विंगमधल्यांना फुकटे म्हटलं. ते चुकीचं होतं, थकबाकीचा आकडा मी न तपासता लिहिला. तो मेसेज काढला आहे." पुढे "पण" नको. "पण" आला की माफी परत घेतल्यासारखीच.

ॲडमिनने एकाच बाजूचे मेसेज उडवू नयेत. वाद पेटला तर "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग रात्रीपुरती लावावी आणि ग्रुप सकाळी किती वाजता उघडेल तेही सांगावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की, समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. शेजारी मात्र कोर्टाला विचारून रुसत नाहीत.

एखाद्याला ब्लॉक करूनही ग्रुपवर त्याचे मेसेज तुम्हाला दिसतात आणि तुमचे त्याला. त्याऐवजी ग्रुप आठवडाभर म्यूट करा. बाहेर पडलात तर सूचना फक्त ॲडमिनला जाते, पण सोडून गेलेल्यांची यादी ६० दिवस सदस्यांना दिसते. आणि उद्या पाणी येणार नाही, हे कळायचं राहून जातं.