पर्यावरण शास्त्रज्ञाच्या मुलाखतीची तयारी: आकडा कुठून आला ते सांगता यायला हवं

जाहिरातीत ‘पर्यावरण शास्त्रज्ञ’ एवढंच लिहिलेलं असतं, पण त्यामागे तीन वेगळी कामं असू शकतात: प्रयोगशाळेत नमुने तपासणं, सल्लागार कंपनीत ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम) अहवाल तयार करणं, किंवा कारखान्यात ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) आणि कन्सेंट (प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र) सांभाळणं. यातलं नेमकं कोणतं, ते फोन करून विचारा. विचारल्याने कुणी नाराज होत नाही, आणि निम्मी तयारी तिथेच ठरते.

कंपनीचे कागद वाचा

कारखान्यातली नोकरी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर त्याचं संमतीपत्र शोधा, आणि ईसी (पर्यावरण मंजुरी) लागू असेल तर ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर. वहीत तीनच गोष्टी उतरवा: रोज किती घनमीटर सांडपाणी, ते कुठे सोडतात, आणि मर्यादा काय. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी (जिवाणूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, टीएसएस (पाण्यातले न विरघळलेले कण) १०० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ५.५ ते ९ अशी आहे. पण कन्सेंटमध्ये याहून कडक आकडा असेल, तर त्या कारखान्याला तोच लागू. पाठ केलेला ३० सांगून इथेच अनेक जण अडकतात.

कायद्यांसाठी एक संध्याकाळ पुरे. जल कायदा १९७४, वायू कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, ईआयए अधिसूचना २००६, घातक कचरा नियम २०१६. कारखान्यासाठी दोन तारखा लक्षात ठेवा: फॉर्म ५ म्हणजे पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत, आणि ईसीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून व १ डिसेंबरला.

एक चाचणी बाटलीपासून आकड्यापर्यंत

खरा वेळ इथे द्या. दहा चाचण्या वरवर वाचण्यापेक्षा बीओडी पक्की करा, कारण तिच्यात रसायन, जीवशास्त्र आणि हाताचं काम, तिन्ही तपासता येतं.

आपल्याकडे ती २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस करतात. परदेशी पुस्तकातलं ‘२० अंश, ५ दिवस’ बोलून गेलात तर लगेच लक्षात येतं. समजा, ३०० मिलीच्या बाटलीत ३ मिली सांडपाणी घातलं आणि बाकी विरलीकरणाचं पाणी भरलं. म्हणजे १०० पट विरल. सुरुवातीला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ७.८ मिलिग्रॅम, तीन दिवसांनी ४.६. घट ३.२, म्हणून बीओडी ३२०. (बाहेरून जिवाणू घातले असतील तर त्यांची दुरुस्ती वेगळी करावी लागते.) घट किमान २ हवी आणि शेवटी किमान १ उरायला हवा. शेवटी ०.४ उरला असेल तर ती बाटली बाद: जिवाणूंना ऑक्सिजनच पुरला नाही, त्यामुळे आकडा खरा नाही. नमुना आणखी विरल करायला हवा होता. म्हणूनच एकाच नमुन्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या विरलीकरणाच्या बाटल्या लावतात.

पुढचा प्रश्न बहुधा नमुन्याचा येतो. सीओडीच्या नमुन्यात गंधकाम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. बीओडीच्या नमुन्यात आम्ल घालायचं नाही, कारण जिवाणू मरतात. तो ४ अंशाला थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवायचा. धातूंसाठी नायट्रिक आम्ल, तेल-ग्रीससाठी काचेची बाटली. क्लोरीन मारलेलं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवून बाहेरून जिवाणू द्यावे लागतात, नाहीतर बीओडी फसवी कमी येते.

मग समोर एक अहवाल ठेवतील: बीओडी १८०, सीओडी १५०. बीओडी सहसा सीओडीपेक्षा जास्त येत नाही. विरलीकरण चुकलं का, नमुन्यांची अदलाबदल झाली का, अमोनियाच्या नायट्रीकरणाने ऑक्सिजन खाल्ला का, अशी कारणं क्रमाने मांडा.

कागद-पेन्सिलची गणितं

रोज ५०० घनमीटर पाणी, बीओडी ३००: भार १५० किलो. पीएम २.५ चा (हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर ओढतो, म्हणजे २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. फिल्टरचं वजन १.४४ मिलिग्रॅमने वाढलं तर ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. २४ तासांची मर्यादाही ६०च. अशा वेळी फिल्टर वजनाआधी नीट कोरडा केला होता का, हे विचारणारा उमेदवार हवा असतो.

ईटीपीसाठी एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो त्याचा निर्देशांक) काढायला शिका: १ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० मिनिटांनी गाळ ३०० मिली, एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातला गाळ) लिटरमागे ३००० मिलिग्रॅम, तर एसव्हीआय १००, गाळ छान बसतोय. २०० च्या पुढे गेला तर तो फुगतोय. तंतुमय जिवाणू आणि ऑक्सिजनची कमतरता आधी तपासा.

‘आकडा मर्यादेबाहेर आला तर?’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी फिरून येतो. उत्तर गोल फिरवू नका. राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासेन, उपकरणाचं कॅलिब्रेशन बघेन, आणि आकडा तोच आला तर लेखी कळवेन. नोंदवहीतला मूळ आकडा खोडणार नाही. ते पाणी खालच्या गावातली माणसं आणि गुरं पितात.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणाले, तर नमुने रात्रीपाळीतही घेतात का आणि कोण घेतं, हे विचारा.