उंदराला कोकेनची ओढ लागली का, हे कसे मोजावे

कोकेन दिल्यावर उंदीर पेटीभर पळत सुटतो, पण ती झाली नशा. ओढ लागली का, हे पाहायचे तर अंगात कोकेन नसताना तो आपणहून कुठे जातो ते मोजावे लागते. त्यासाठी दोन कप्प्यांची पेटी घ्या: एकाची जमीन जाळीची, भिंती पट्ट्यांच्या, दुसऱ्याची जमीन गजांची, भिंती साध्या, मध्ये सरकते दार. भारतात आधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हवी. कोकेन १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते, त्यामुळे परवाना आणि वापराची काटेकोर नोंदही लागते.

उंदरांना आधी दोन-तीन दिवस हाताळणीची सवय लावा. घाबरलेला उंदीर नुसता कोपरा धरून बसतो. मग पहिल्या दिवशी दार उघडे ठेवून १५ मिनिटे फिरू द्या आणि प्रत्येक कप्प्यातला वेळ टिपा. मुळातच एका बाजूला फार झुकणारे उंदीर वगळा, मात्र किती झुकाव चालेल ते आधीच ठरवा.

पुढचे सहा दिवस दार बंद. एक दिवस सलाईन आणि एक कप्पा, दुसऱ्या दिवशी कोकेन आणि दुसरा कप्पा, दर वेळी ३० मिनिटे. डोस १५ मिग्रॅ प्रतिकिलो, पोटाच्या पोकळीत. द्रावण १.५ मिग्रॅ प्रतिमिली केले की २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली पुरते. वजन रोज करा.

सुई काढताच उंदीर कप्प्यात सोडा. कोकेन डोपामिन (मेंदूतले निरोप पोचवणारे एक रसायन) पेशीत परत आत ओढणाऱ्या वाहक प्रथिनाला अडवते, न्यूक्लियस अॅक्युम्बेन्स या मेंदूच्या बक्षीस जाणणाऱ्या भागात डोपामिन वाढते, आणि त्याच वेळी पायाखाली असलेली जमीन स्मरणात बसते. (ज्याला कोकेन चिकटत नाही असा वाहक जनुकबदलाने दिलेल्या उंदरांत ही ओढ दिसली नाही.) उशीर झाला तर चढती नशा पिंजऱ्यात जाते, उतरती कप्प्यात, आणि तो कप्पा उलट नकोसा होऊ शकतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे सगळ्यांना नावडत्या कप्प्यातच कोकेन देणे. भीती सरल्यानेही तिथला वेळ वाढतो आणि आपण त्यालाच ओढ समजतो. म्हणून निम्म्यांना एका कप्प्यात, निम्म्यांना दुसऱ्यात द्या. शिवाय दोन्हीकडे फक्त सलाईन मिळणारा गट हवाच.

आठव्या दिवशी इंजेक्शन न देता दार उघडा. कोकेनच्या कप्प्यातल्या वेळेतून पहिल्या दिवशीचा वेळ वजा करा. दोन उंदरांमध्ये पेटी ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर आधीच्याच्या लघवीचा वास निकाल फिरवतो.

पुन्हा व्यसनाकडे वळणे अभ्यासायचे असेल तर दोन्ही कप्प्यांत रोज सलाईन देत राहा. दोन कप्प्यांतल्या वेळेतला फरक मिटला की कोकेनचा निम्मा डोस एकदाच द्या आणि लगेच चाचणी घ्या.