अँपार्फॅ: फ्रेंचमधलं 'जायचो, खायचो, असायचो'

माझ्याकडे फ्रेंच शिकायला येतात ती एकतर अकरावी-बारावीची मुलं, नाहीतर डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-दोन पातळीची तयारी करणारी नोकरदार मंडळी. दोघांचीही गाडी भूतकाळापाशी अडते. पासे काँपोझे, म्हणजे 'गेलो, खाल्लं'चा काळ, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. अँपार्फॅ, म्हणजे 'जायचो, खायचो'चा काळ, सुरू झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, हे म्हणजे इंग्रजीतलं 'वॉज डुइंग' ना?" माझंही उत्तर ठरलेलं आहे. इंग्रजी बाहेर चपलांपाशी ठेवून आत या. आपल्या मराठीत याहून चांगली सोय आहे.

आधी रूपं करून घेऊ, ते काम सोपं आहे. उच्चार देवनागरीत देतेय. प्रत्ययातला ॲ हा आपला ए आणि 'बॅट'मधला ॲ यांच्या मधला समजा, आणि 'मी'साठीचा ज म्हणजे श म्हणताना गळ्यातून आवाज काढला की जो होतो तो.

क्रियापदाचं वर्तमानकाळातलं 'नू'चं (म्हणजे 'आम्ही'चं) रूप घ्यायचं, शेवटचे ओ-एन-एस (उच्चार 'ओं') खोडायचे आणि उरलेल्या भागाला प्रत्यय लावायचे. पार्ले म्हणजे बोलणे. नू पार्लों मधून 'ओं' गेला, 'पार्ल' उरलं. मग ज (मी) पार्लॅ, त्यु (तू) पार्लॅ, इल (तो) पार्लॅ, नू पार्लियों, व्हू (तुम्ही) पार्लिये, आणि 'ते सगळे'साठी पुन्हा इल पार्लॅ. लिहिताना ज आणि त्यु ला ए-आय-एस, एकवचनी इल, एल (ती), ओं (आपण) ला ए-आय-टी, नू ला आय-ओ-एन-एस, व्हू ला आय-ई-झेड आणि शेवटच्या इल ला ए-आय-ई-एन-टी. सहापैकी चार रूपं कानाला एकच, म्हणून श्रुतलेखनात मार्क जातात ते इथे. बोलताना मात्र मजा आहे, एक उच्चार बसला की काम झालं.

आता 'नू'चं रूपच का घ्यायचं? कारण वर्तमानकाळात वाकडीतिकडी होणारी क्रियापदं या रूपात आपला खरा धातू दाखवतात. फिनिर (संपवणे) चं नू फिनिसों, म्हणून ज फिनिसॅ. ब्वार (पिणे) चं नू ब्युव्हों, म्हणून ज ब्युव्हॅ. प्राँद्र (घेणे) चं नू प्रनों, म्हणून ज प्रनॅ. फेर (करणे) चं नू फझों, म्हणून ज फझॅ. या शेवटच्यात स्पेलिंग एफ-ए-आय असूनही उच्चार 'फ' होतो, 'फे' नाही. थोडक्यात, ज्याचा वर्तमानकाळ कच्चा त्याचा अँपार्फॅ कच्चा. माझ्याकडे कोणी अँपार्फॅमध्ये अडखळलं तर मी आधी 'नू'ची रूपं म्हणून घेते.

अपवाद एकच: एत्र, म्हणजे असणे. त्याचं नू सोम, त्यात 'ओं' नाहीच, म्हणून धातू 'एत' धरायचा. जेतॅ, त्यु एतॅ, इल एतॅ, नूझेतियों, व्हूझेतिये, इलझेतॅ. पाऊस पडणे आणि 'करावं लागणे' या दोन क्रियापदांना 'नू' नसतोच, त्यांची इल प्लव्हॅ आणि इल फालॅ एवढीच रूपं पाठ करा. स्पेलिंगच्या तीन खोड्याही आहेत. माँजे (खाणे) मध्ये ए-आय च्या आधी एक ई ठेवावा लागतो, नाहीतर जी चा उच्चार 'ग' होईल. पण नू माँजियों मध्ये आय आहेच, म्हणून ई गळतो. कोमाँसे (सुरू करणे) मध्ये त्याच कारणासाठी सी ला खाली शेपटी लागते, आणि नू-व्हू मध्ये तीही गळते. एत्युदिये (अभ्यास करणे) ला नू आणि व्हू मध्ये दोन आय लागोपाठ येतात. ती छपाईची चूक नाही.

जाता जाता एक. जुन्या फ्रेंच पुस्तकात या प्रत्ययांत ए-आय च्या जागी ओ-आय दिसला तर दचकू नका. पूर्वी तसंच लिहीत. हे बदला म्हणून व्होल्तेर या लेखकाने बरीच खटपट केली, पण फ्रेंच अकादमीने आपल्या शब्दकोशात नवं स्पेलिंग घेतलं ते थेट 1835 मध्ये. इंग्रजीने 'कॉनसर' (जाणकार) हा शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून त्यात अजून ओ-आय आहे.

आता वापर. इथे मराठी कामाला येते. वाक्य मनात मराठीत म्हणा. क्रियापद 'जायचो, खायचो' किंवा 'जात असे' असं आलं, 'जात होतो' असं आलं, किंवा नुसती स्थिती असली, म्हणजे 'ऊन होतं', 'भूक लागलेली होती', तर अँपार्फॅ. 'गेलो, खाल्लं, आला' असं आलं तर पासे काँपोझे. इंग्रजीत 'आय वेंट' म्हणजे एकदा गेलो की नेहमी जायचो, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ते लपत नाही.

परीक्षेत हमखास येणारा बालपणीच्या सुट्टीचा परिच्छेद घेऊ.

काँ जेतॅ पतित, ओं पासॅ ले व्हाकाँस आ गुहागर. इल फझॅ शो. तू ले जूर, ओं माँजॅ दे माँग. अं जूर, अं सँज ए ताँत्रे दाँ ला क्विझिन ए इला प्री तूत ले माँग. मा ग्राँमेर रियॅ.

मी लहान होते तेव्हा आम्ही सुट्टी गुहागरला घालवायचो. उकाडा असायचा. रोज आंबे खायचो. एके दिवशी स्वयंपाकघरात माकड शिरलं आणि सगळे आंबे घेऊन गेलं. आजी हसत होती.

'अं जूर' पर्यंत सगळं अँपार्फॅ, कारण तोवर काही घडलेलंच नाही, फक्त तेव्हा कसं असायचं ते सांगितलं. माकड शिरलं आणि गोष्ट हलली, म्हणून ए ताँत्रे आणि इला प्री. शेवटचं वाक्य बघा. रियॅ म्हटलं की माकडाचा उद्योग चालू असताना आजी हसतेच आहे. त्याऐवजी 'मा ग्राँमेर आ री' लिहिलं तर ते माकड गेल्यावरचं हसणं झालं, गोष्टीतली पुढची घटना. व्याकरण दोन्हीकडे बरोबर, आजी वेगळी. अडलात तर स्वतःला विचारा: हे वाक्य 'मग काय झालं?' याचं उत्तर आहे की 'तेव्हा कसं होतं?' याचं?

'तू ले जूर', 'तुजूर' (नेहमी), 'सुव्हाँ' (वारंवार) दिसलं की अँपार्फॅ लावा, अशा याद्या गाईडांमध्ये असतात. मला त्या आवडत नाहीत. 'मला हे शहर कायमच आवडत आलंय' हे जे तुजूर एमे असं पासे काँपोझेमध्येच म्हणतात. यादी पाठ करणारा मुलगा तिथे हटकून चुकतो.

स्थितीच्या क्रियापदांत अर्थच बदलतो. ज साव्हॅ म्हणजे मला माहीत होतं, जे स्यु म्हणजे मला कळलं. जाव्हॅ पर, मला भीती वाटत होती. जे यु पर, मी घाबरले. ज पूव्हॅ, मला करता येत होतं. जे प्यु, मला जमलं. इलियाव्हॅ म्हणजे 'तिथे होतं', पण अपघात 'झाला' हे सांगताना इलिया यु. मराठीत आपण आपोआप वेगळं क्रियापद वापरतो, फ्रेंच तेच क्रियापद ठेवून काळ बदलते.

मात्र दोन ठिकाणी मराठी दगा देते. पहिलं, मोजून दिलेला आणि संपलेला कालावधी. 'मी पाच वर्षं लियोंला राहत होतो' हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. फ्रेंचमध्ये ती पाच वर्षं संपली, खातं बंद झालं, म्हणून जे आबिते सँकाँ आ लियों. 'तीनदा गेलो' यालाही हाच नियम. 'दप्वी' (पासून) आलं की मात्र उलट: तासाभरापासून वाट बघत होतो तेव्हा बस आली, इथे वाट बघणं चालूच होतं, म्हणून जाताँदॅ.

दुसरं, आपलं 'होतं'. 'काल पिक्चरला गेलो होतो' असं आपण सर्रास म्हणतो. मुलं त्याचं थेट प्ल्यु-क-पार्फॅ करतात. फ्रेंचमध्ये तो काळ दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्याही आधीचं सांगण्यासाठी राखून ठेवलेला आहे. कालचा पिक्चर म्हणजे साधं पासे काँपोझे, ज स्वी झाले.

भूतकाळाशी संबंध नसलेले वापरही आहेत आणि रोज लागणारे तेच आहेत. फ्रान्समध्ये शिकायला गेलेल्या मुलांना तित्र द सेजुर म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी प्रेफेक्त्युर या सरकारी कचेरीच्या खिडकीशी बोलावं लागलं, की 'ज व्ह' (मला हवंय) पेक्षा 'ज व्हूलॅ व्हू दमाँदे' ने सुरुवात करावी. आपलं 'जरा विचारायचं होतं' अगदी हेच करतं. मित्राला पिक्चरला न्यायचं असेल तर 'सी ओं नालॅ ओ सिनेमा?', म्हणजे जायचं का?

आणि जर-तर. 'सी' म्हणजे जर. त्याच्या वाक्यात अँपार्फॅ, तर च्या वाक्यात काँदिसियोनेल, म्हणजे शेवटी 'रॅ' येणारं 'तर'चं रूप: सी जाव्हॅ द लार्जाँ, जाशेत्रॅ युन मेझों. पैसे असते तर घर घेतलं असतं, अशा मराठीत दोन्हीकडे 'असते-असतं' येतं, त्यामुळे मुलं 'सी' नंतरही काँदिसियोनेल घालतात. फ्रेंच मुलांचीही हीच चूक होते, म्हणून त्यांना शाळेत 'ले सी नेम पा ले रॅ' असं घोकवतात: 'सी' ला 'रॅ' आवडत नाहीत.

उच्चाराचं शेवटी सांगते. जे पार्ले (मी बोललो) आणि ज पार्लॅ (मी बोलायचो) यांतला फरक शेवटच्या स्वरात शोधू नका. दक्षिण फ्रान्समध्ये बरेच लोक दोन्ही 'ले'च म्हणतात. सुरुवातीचा 'जे' की 'ज' तेवढं पकडा. सरावाला घरातल्या कोणा मोठ्या माणसाला त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल बोलतं करा, पाच मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा, आणि त्यातली 'यचो, यची, यचे' वाली वाक्यं आधी फ्रेंचमध्ये आणा. 'एकदा काय झालं' नंतरची वाक्यं दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.