गणपतीपासून दिवाळीपर्यंत: सणासुदीचा घरगुती कचरा सुरक्षितपणे कसा हाताळावा

गणेश चतुर्थी ते भाऊबीज या साधारण दोन महिन्यांत शहरातल्या घरांतून निघणारा कचरा वाढतो आणि त्याचे स्वरूपही बदलते. एरवी भाजीची देठे, दुधाच्या पिशव्या आणि रद्दी एवढ्यावर भागणाऱ्या घरातून या काळात हार-फुले, मखराचे तुकडे, उरलेले रंग, फुटलेल्या ट्यूबलाइट, बंद पडलेल्या विद्युत माळा, जुनी औषधे आणि न फुटलेले फटाके बाहेर पडतात. हा कचरा दारातून गेला तरी कोणीतरी माणूस तो पुन्हा हाताने उघडतो. पुण्यात २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्य असोत, घंटागाडीवरचे कामगार असोत किंवा वर्गीकरण शेडमधल्या स्त्रिया असोत, पिशवीत काय आहे हे त्यांना बोटांनीच कळते. म्हणून प्रत्येक वस्तू बांधताना ती कोणाच्या हातात पडणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा. पुढची सगळी कृती त्यातून आली आहे.

सणाआधी: चार जागा ठरवून ठेवाव्यात

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घराघरात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवण्यास सांगितले. घातक कचऱ्यात रंगांचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल दिवे व ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटलेले तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज यांचा समावेश होतो. सॅनिटरी पॅड व डायपर यांसाठी चौथी जागा ठेवणे केव्हाही चांगले. ते वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढावा. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने ही खूण रुजवण्याचा प्रयत्न केला आहे आणि तिला खर्च काहीच येत नाही. पुडी उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही, एवढेच तिचे काम आहे आणि ते फार मोठे आहे.

घातक वस्तूंसाठी झाकणाचा एक जाड प्लॅस्टिकचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा आणि त्यावर नाव लिहावे. हा डबा रोज रिकामा करायचा नसतो. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाचे संकलन केंद्र किंवा ई-कचरा गोळा करण्याचा दिवस कोणता, हे सणाआधीच विचारून ठेवावे, म्हणजे ऐन गडबडीत तो डबा सुक्या कचऱ्यात उलटा होत नाही.

निर्माल्य: गाठी सोडवल्याशिवाय कलशात टाकू नये

दूर्वा, पत्री, शमी, केवडा, जास्वंद ही सगळी उत्तम खताची सामग्री आहे. अडचण तिच्याबरोबर येणाऱ्या वस्तूंची असते. हाराचा दोरा, त्यातली जर आणि चमकी, प्लॅस्टिकची फुले, टाचण्या, स्टेपलरच्या पिना, अगरबत्तीची वेष्टने आणि कापराच्या डब्या हे सगळे फुलांतून वेगळे केलेच पाहिजे. दोरा खतयंत्राच्या पात्यांभोवती गुंडाळला जातो आणि यंत्र बंद पडते, तर पिना थेट निवडणाऱ्याच्या बोटात शिरतात. हार उतरवल्यावर तो कात्रीने एका ठिकाणी कापून दोरा ओढून घ्यावा. फुले ओली असेपर्यंत दोरा सहज सुटतो, दोन दिवस पिशवीत कोंडून ठेवल्यावर सगळ्याचा चिखल होतो.

निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नदीत सोडण्याची सवय अजून पूर्णपणे गेलेली नाही, याचे वाईट वाटते. ते कापडी पिशवीत किंवा टोपलीत साठवून निर्माल्य कलशात मोकळे ओतावे आणि पिशवी घरी परत आणावी. घरी खत करायचे असेल तर तळाला भोके असलेल्या कुंडीत वाळलेल्या पानांचा थर, त्यावर बारीक केलेले निर्माल्य आणि मूठभर जुने खत किंवा माती असे थर द्यावेत. नैवेद्याचे तेलकट पदार्थ त्यात टाकू नयेत, त्यांनी वास आणि उंदीर दोन्ही येतात.

घरच्या घरी विसर्जन

शाडूची मूर्ती असेल तर काम सोपे आहे. बादलीत मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी घ्यावे, दागिने, वस्त्रे, हार आणि माळा आधी काढाव्यात आणि मूर्ती शांतपणे विरघळू द्यावी. तळाशी बसलेली माती पाणी निथळल्यावर कुंडीत वापरता येते किंवा मूर्तिकारांकडे परत देता येते. अशी माती गोळा करण्याचे उपक्रम पुण्यात चालतात.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही. तिच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुढे आली आणि पुणे महापालिकेने हे रसायन नागरिकांना मोफत वाटण्यास सुरुवात केली. हे स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्याहून वेगळे रसायन आहे. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि त्याने हे काम साधत नाही, हे दुकानातून पुडी आणण्याआधी लक्षात घ्यावे.

कृती अशी आहे. मूर्तीपेक्षा बरीच मोठी प्लॅस्टिकची बादली घ्यावी. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये, कारण अमोनियाने ते खराब होते. मूर्ती बुडेल इतक्या पाण्यात मूर्तीच्या वजनाइतके किंवा त्याहून थोडे जास्त अमोनियम बायकार्बोनेट मिसळावे, मूर्ती त्यात ठेवावी आणि दर दोन-तीन तासांनी लाकडी दांड्याने पाणी ढवळावे. साधारण ४८ तासांत मूर्ती विरघळते. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याची या रसायनाशी क्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका खाली बसतो, अमोनियम सल्फेट पाण्यात राहते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो.

सुरक्षेच्या दृष्टीने तीन गोष्टी अजिबात टाळू नयेत. बादली गच्चीत, अंगणात किंवा उघड्या बाल्कनीत ठेवावी, कारण अमोनियाचा उग्र वास डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, आणि घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर तो त्रास गंभीर होऊ शकतो. बादलीवर घट्ट झाकण लावू नये, कारण आत वायू साठतो. जाळी किंवा सुती कापड पुरेसे आहे. आणि या पाण्यात किंवा नंतर बादली धुताना ब्लिचिंग पावडर अथवा तसे कोणतेही क्लोरीनयुक्त द्रावण घालू नये, अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आल्यास विषारी क्लोरामाइन वायू तयार होतात. मागे राहिलेले पाणी नत्रयुक्त असल्याने भरपूर पातळ करून शोभेच्या झाडांना घालता येते. मूर्तीच्या रंगात काय होते याची खात्री नसते, म्हणून ते मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना हे घरी जमणार नाही त्यांनी महापालिकेच्या विसर्जन हौदात किंवा मूर्तिसंकलन केंद्रात मूर्ती द्यावी. तिथेही निर्माल्य वेगळे आणि मूर्ती वेगळी द्यावी.

मंडळाच्या मांडवात

परवानाप्राप्त नसलेल्या जागी शंभरहून अधिक लोकांचा कार्यक्रम घेताना किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक स्वराज्य संस्थेला कळवावे आणि कचरा वेगळा करूनच द्यावा, ही तरतूद २०१६ च्या नियमांत होती. महाप्रसादाच्या पंगतीला ती तंतोतंत लागू पडते, तरीही मांडवाच्या परवानगीसाठी धावपळ करणारे कार्यकर्ते कचऱ्याच्या गाडीची वेळ मात्र आयत्या वेळी विचारतात. ती आधी ठरवावी. पंगतीच्या शेवटी तीन पिंपे ओळीने ठेवावीत: खरकट्याचे, पत्रावळी-द्रोणांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे. प्रत्येक पिंपापाशी एक कार्यकर्ता उभा राहिला तरच ही व्यवस्था टिकते, पाट्या लावून टिकत नाही. थर्मोकोलच्या ताटांवर आणि सजावटीवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा आरास कापड, पुठ्ठा आणि लाकूड यांची करावी, म्हणजे पुढच्या वर्षीही ती उपयोगी पडते.

तळणीचे उरलेले तेल गटारात ओतू नये. ते थिजून नळ्या तुंबवते, आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल खाण्यास घातक असते. थंड झाल्यावर ते डब्यात भरून वापरलेले तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्यावे.

दिवाळीची साफसफाई: सर्वांत धोक्याचा टप्पा

निर्माल्याबद्दल आता बरीच जागरूकता आहे. दिवाळीआधी माळा आणि कपाटे उपसताना निघणाऱ्या वस्तूंबद्दल ती जवळजवळ नाही, म्हणून इथे जास्त थांबणे आवश्यक आहे.

न्हाणीघरातल्या अर्धवट बाटल्या एकत्र ओतून संपवण्याचा मोह होतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. प्रत्येक बाटली तिच्या मूळ झाकणासह, मूळ चिठ्ठीसह वेगळी ठेवावी. ॲसिड सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये.

ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत थोडा पारा असतो. जुनी ट्यूब नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून अखंड द्यावी. फुटलीच तर पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. नंतर हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पारा आणि भुकटी हवेत पसरते.

विजेरी पणत्या आणि गाणी वाजवणारी खेळणी यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर जखम होऊ शकते, म्हणून संशय आला तरी उलटी न करवता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. निकामी बॅटरी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून घातक कचऱ्याच्या डब्यात टाकावी. जुन्या मोबाइलच्या, पॉवर बँकेच्या लिथियम बॅटऱ्यांचेही तसेच करावे. त्या सुक्या कचऱ्यातून गेल्या आणि गाडीच्या दाबयंत्रात चिरडल्या तर पेट घेतात. फुगलेली बॅटरी घरात साठवून न ठेवता वाळूच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर ई-कचरा केंद्रात द्यावी.

काच जाड कागदाच्या तीन-चार थरांत गुंडाळून खोक्यात घालावी आणि वर मोठ्या अक्षरात ‘फुटकी काच’ असे लिहावे. दाढीची पाती आणि इन्सुलिनच्या सुया रिकाम्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून झाकण चिकटपट्टीने बंद करावे; सुयांचा डबा जवळचे रुग्णालय स्वीकारते का, हे विचारावे. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवण्याचा प्रयत्न करू नये, बहुतेकदा त्याच वेळी ती बोटात शिरते. गोळ्या-औषधे संडासात टाकू नयेत. रंग देऊन झाल्यावर उरलेला तेलरंग आणि टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. जवसाच्या तेलाचे वार्निश पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत. फवाऱ्याच्या डब्यांना भोक पाडू नये आणि त्यांना आगीजवळ ठेवू नये.

फटाक्यांची सकाळ

फुलबाज्यांच्या तापलेल्या तारा जमिनीवर न टाकता पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. अनवाणी मुले आणि पहाटे झाडायला येणारे कामगार या दोघांचेही पाय त्यामुळे वाचतात. न फुटलेला फटाका पुन्हा पेटवू नये, फोडून आतली दारू काढू नये. काही वेळ थांबून त्यावर लांबून पाणी ओतावे, रात्रभर बादलीत भिजत ठेवावा आणि नंतर वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून द्यावा. त्या दारूतील रसायनांमुळे फटाक्यांचा कागद खताच्या खड्ड्यात घालण्यायोग्य नसतो.

पाडव्याच्या सकाळी सोसायटीच्या आवारात फटाक्यांचा कागद आणि पालापाचोळा एकत्र करून पेटवून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्या ढिगात न फुटलेले फटाके असतात आणि पेटवणारा माणूस बहुधा सोसायटीचा रखवालदारच असतो. शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला होता. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच पाण्याचा एक पिंप आणि जाड हातमोजांचे जोड आवारात ठेवावेत, रखवालदाराला काहीही न जाळण्याची स्पष्ट सूचना द्यावी, आणि झाडण्याआधी सगळा ढीग नळीने नीट भिजवून घ्यावा.